मधल्या सुट्टीनंतरचे डबे

आप्पा, तुम्ही एकदा माझ्या कॉलेजात सहा डबे घेऊन आला होतात, त्या दिवसाची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा उशीर झाला असं म्हणण्यातही काही अर्थ नाही. मीही ती गोष्ट गिळून टाकली होती. पण गेल्या महिन्यात माझ्याच तोंडाने ती भर सभेत भलत्या रूपात बाहेर पडली आणि तिच्यापायी एका म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर लागला. म्हणून बसले लिहायला.

आधी माझं हल्लीचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या कॉलेजात शिकले तिथेच मी रसायनशास्त्र शिकवायला लागले, एवढं तुम्ही पाहून गेलात. आता त्याच आवारात एक केंद्र निघालंय आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. विद्यापीठ, संशोधन करणारे आणि जिल्ह्यातले कारखानदार या सगळ्यांनी एका टेबलाशी बसावं, एकाची अडचण दुसऱ्याने सोडवावी, असा त्यामागचा हेतू. सरकारी कागदात याला ‘इनोव्हेशन इकोसिस्टिम’ म्हणतात. इकोसिस्टिम हा शब्द मी खाडीतल्या कांदळवनाच्या धड्यात शिकले होते, चिखल, खेकडे आणि बगळे यांच्याबरोबर. चार बैठकांना बसल्यावर तो इथेही फारसा चुकीचा वाटेनासा झाला. बैठकांमध्ये आम्ही चहा पितो, करारांवर सह्या करतो, फोटो काढतो. खरं काम सुरू होतं ते कोणीतरी पिशवी घेऊन दारात उभं राहतं तेव्हा. हर्णेची एक बाई सुक्या मासळीची पाकिटं घेऊन आली होती, ती आतून घामेजतात म्हणून. देवरूखचे एक गृहस्थ बुरशी धरलेली आमसुलं घेऊन आले. केंद्र सुरू झालं तेव्हा मी एकच नियम केला की पिशवी घेऊन आलेल्या माणसाला ‘वेळ घेतली आहे का’ असं विचारायचं नाही, आधी आत बसवून पाणी द्यायचं. ऑफिसातले याला ‘मॅडमचा पिशवी-कायदा’ म्हणतात आणि पाठीमागे हसतात. हसोत बापडे.

तुम्ही कामाला होतात तो आंब्याच्या रसाचा कारखाना आता बंद आहे. आवारात करंजाची झाडं माजली आहेत. पण एप्रिल लागला की मला अजून तिथला वास येतो, पिकल्या हापूसचा आणि त्याच्याखाली गरम पत्र्याचा. मी नऊ-दहा वर्षांची आहे, आईने दिलेला जेवणाचा डबा घेऊन आत शिरते. एका बाजूला ओळीने बसलेल्या बायका आंबे कापताहेत, पलीकडे वाफेच्या मोठ्या कढईत रस रटरटतोय, आणि तुम्ही झाकणं बसवायच्या मशीनपाशी उभे आहात. मशीन इतकं खडखडतं की तुम्ही माझ्याशी हातवाऱ्यांनीच बोलता. निवलेल्या डब्यांच्या थप्प्या भिंतीशी लागलेल्या असतात आणि तुम्ही हातात बारीक सळी घेऊन एकेका डब्याच्या झाकणावर टिचकी मारल्यासारखं हलकेच मारत जाता. टण, टण, टण, आणि मधेच एखादा ठप्प. तो बाजूला. ‘घट्ट डबा बोलतो गो,’ तुम्ही म्हणायचात, ‘ज्याच्यात हवा ऱ्हायली तो नुसता घसा खाकरतो.’ कारखान्यात तुमच्याइतका कान कोणालाच नव्हता, आणि हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. घरी आलात तरी चमच्याने पिठाचे, साखरेचे डबे वाजवायचात. आई वैतागायची. म्हणायची, ‘त्या डब्यात तांदूळ हायत, त्यांना काय विचारताव?’ तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचात की तांदूळ संपत आलेत, आणि ते खरोखरच संपत आलेले असायचे.

मग ते वर्ष आलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. त्या हंगामात माल इतका होता की सगळे डबे वाजवून बघायला तुम्हाला फुरसत मिळाली नव्हती, आणि हंगाम संपून महिना झाला नाही तोच गोडाऊनमधले डबे फुगायला लागले. सगळे नाही, मधूनमधून. मालकांनी मशीन तपासलं, ते ठीक होतं, तेव्हा मशीन चालवणाऱ्यावर आळ आला. तुम्ही गप्प बसणाऱ्यातले नव्हतात. चार दिवस गोडाऊनमध्ये बसून तुम्ही हजारांनी डबे वाजवलेत आणि डब्यांवरच्या भरण्याच्या वेळेच्या खुणा बघून शोधून काढलंत की बसक्या आवाजाचा प्रत्येक डबा दुपारचा आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन सुरू झालं की पहिले शे-दोनशे डबे, तेवढेच. त्यानंतरचे पुन्हा खणखणीत. तुम्ही हे मालकांना सांगायला गेलात आणि हात हलवत परत आलात. त्या दिवशी जेवताना आईला सांगत होतात, ‘मालकान सांगितलान, दुपारचा जेवून सुस्तावतोस, हात ढिला पडतो. वीस वर्सं उभ्यानं काम केलं मी, उभा माणूस सुस्तावतो काय?’ तुमचा आवाज चढला नव्हता. पण घास तसाच हातात राहिला होता.

कॉलेजातल्या माणसांना यातलं कळत असेल हे तुम्हाला कोणी सुचवलं नाही. ते तुमचं तुम्हालाच सुचलं. आज मी सभांमध्ये शेकडो माणसांना जे पटवून देत फिरते, ते तुम्हाला त्या काळी आपोआप कळलं होतं, याचा मला अभिमान वाटतो, आणि तेवढाच त्रासही होतो. आषाढातली दुपार होती. मी मैत्रिणींबरोबर प्रयोगशाळेतून बाहेर पडत होते आणि व्हरांड्याच्या टोकाला तुम्ही उभे होतात. कामावरून तसेच आला होतात. सदऱ्यावर आंब्याच्या रसाचे जुने पिवळे डाग, धोब्याकडूनही न निघणारे. एका हातात गळणारी छत्री, दुसऱ्या हातात खाकी पिशवी, आणि तुम्ही माझ्याकडे चालत आलात तेव्हा पिशवीतले डबे एकमेकांवर आपटून वाजत होते. मैत्रिणी थांबल्या. त्यांच्यातल्या एकीचे वडील डॉक्टर, दुसरीचे बँकेत. ‘केमिस्ट्रीचे सर भेटतील काय गो?’ तुम्ही विचारलंत. ‘तीन बरे आणलेत आणि तीन खोटे. त्यांना नुसतं ऐकवायचं हाय.’

सर तेव्हा स्टाफरूममध्ये होते, आप्पा. दहा पावलांवर. दार उघडं होतं आणि ते चहा पीत होते. मी म्हटलं, ‘सर रजेवर आहेत.’ तुम्ही म्हणालात, मग उद्या येतो. मी म्हटलं, आठवडाभर नाहीत. डबे ठेवून जाऊ काय, असं विचारलंत, तेव्हा मी प्रयोगशाळेत बाहेरचं सामान ठेवू देत नाहीत असाही एक नियम जागच्या जागी तयार केला. तुम्ही मान हलवलीत. ‘बरं बरं. तू जा, तुझा तास बुडेल.’ आणि ते सहा डबे घेऊन आल्या वाटेने स्टँडकडे गेलात. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

पुढच्या हंगामात तुम्हाला मशीनवरून काढलं आणि लेबलं चिकटवायला बसवलं. बायकांच्या ओळीत, पाटावर, खळीचं भांडं पुढ्यात घेऊन. घरी डबे वाजवणं बंद झालं. आईने एकदा मुद्दाम विचारलं, बघा हो साखर किती आहे, तर तुम्ही झाकण उघडून बघितलंत. एम.एस्सी.ला असताना एका तासाला फळ्यावर बाईंनी डबाबंद पदार्थांचं तापमान समजावून सांगितलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. तुमच्या कोड्याचं उत्तर तिथे होतं, चार ओळींचं. मी ते तुम्हाला सांगू शकत होते. पण मग तुम्ही कौतुकाने विचारलं असतंत, कोणी सांगितलं, आणि मिठाईचा पुडा घेऊन सरांना भेटायला निघाला असतात, आणि बोलता बोलता रजेचा विषय निघाला असता. मी वेळ मारून नेली. अशी मारून नेलेली वेळ किती वर्षं पुरते बघा.

गेल्या महिन्यात केंद्राच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. आमच्या मुलांनी डबे वाजवून त्यांचा आवाज ऐकणारं एक यंत्र बनवलं आहे, दोन कारखान्यांत ते चालतंही. विद्यापीठाची माणसं आली होती, कारखानदार आले होते. कोणीतरी मला विचारलं की तो पिशवी-कायदा आहे तरी काय. मला वाटलं, आता सांगावं. मी माइकसमोर तुमची सगळी हकिकत सांगितली, सळी, टणटण, सुस्तावण्याचा टोमणा, खाकी पिशवी. आणि त्या वाक्यापाशी आले तेव्हा जीभ इतक्या वर्षांच्या सवयीने वळली. ‘दुर्दैवाने सर त्या दिवशी रजेवर होते,’ मी म्हटलं. ‘म्हणून या दारातून कोणी परत जाऊ नये.’ टाळ्या पडल्या. सर पहिल्या रांगेत बसले होते. ऐंशी ओलांडलीये त्यांनी, काठी घेऊन आले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘अगं, मी रजा फारशी घेत नसे. नेमकी त्याच आठवड्यात घेतली. फार वाईट झालं माझ्याकडून.’ मी काहीतरी पुटपुटले. त्यानंतर त्यांचे तीनदा फोन आले. बहिणीच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले होते तोच आठवडा असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. गेल्या खेपेला त्यांच्या सूनबाईंनी फोन घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘बाबा जुन्या डायऱ्या काढून बसलेत. झोपत नाहीत नीट.’

काल मी त्यांच्या घरी गेले. ठरवूनच गेले होते. पण बसल्याबसल्या त्यांनी मला डब्यांबद्दलच विचारायला सुरुवात केली, अगदी तोंडी परीक्षा घेतल्यासारखी. फक्त सुट्टीनंतरचेच ना? पहिले दोनशेच ना? मग काठीवर हनुवटी टेकवली. ‘सुट्टीत कढईची वाफ चालू ठेवायचे का?’ मी म्हटलं, नाही, रस करपू नये म्हणून त्या हंगामापासून आप्पाच आठवणीने बंद करायला लावायचे. ‘मग झालं की,’ सर म्हणाले. ‘तासाभरात रस कोमट. रस कढत भरला तर निवताना आतून झाकण ओढून घेतो. कोमट भरला तर कसली ओढ? जंतूही मरत नाहीत. पुन्हा कढ आणून मग भरायचा. एवढंच.’ चहा निवायच्या आत उत्तर दिलं त्यांनी. चूक तुमचीच होती, आप्पा, पण ती रसावरच्या मायेने झालेली होती, आणि एका दिवसात सुधारली असती. सरांचा चेहरा उजळला होता. लगेच पुन्हा पडला. ‘मी असतो तर,’ ते म्हणाले.

तेव्हा मी सांगितलं. म्हटलं, सर, तुम्ही रजेवर नव्हतात. स्टाफरूममध्येच होतात. मीच आप्पांना खोटं सांगितलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, ‘का गं?’ रागाने नाही, खरोखर कळावं म्हणून. मी म्हटलं, प्रॅक्टिकलची गडबड होती सर, तुम्हाला सांगायचं विसरले, आणि ते लपवायला रजेचं बोलून गेले. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि चक्क हसले. ‘विसरलीस होय! बरं झालं सांगितलंस. डायऱ्या वर ठेवायला सांगतो आता.’ निघताना दारापर्यंत आले, हात हलवला. काल त्यांना झोप लागली असेल.

मी विसरले नव्हते, आप्पा. मला तुमची लाज वाटली होती. हे सरांपुढे माझ्या तोंडातून निघालं नाही, आणि तुम्हाला लिहिते आहे तेसुद्धा तुम्ही वाचणार नाही म्हणून.