माहुलीला सोडलेल्या वह्या

११ मार्च १९४६, सोमवार
इन्कमटॅक्सची नोटीस. गेल्या सालचा फॉर्म भरून, दिवाळी ते दिवाळीच्या वह्या घेऊन ३१ मार्चच्या आत साताऱ्याच्या ऑफिसात हजर व्हा. न झाल्यास साहेब स्वतःच्या अंदाजाने कर ठरवणार. लढाईत हळदीचा भाव कुठे जाऊन बसला होता ते त्याला ठाऊक आहे. त्याच्या अंदाजाला दुकान विकूनही पुरे पडायचे नाही. कॅलेंडर पाहिले तर ३१ ला रविवार. म्हणजे खरी मुदत शनिवार दुपार. मुदतसुद्धा धड देत नाहीत.
वडील गेल्यापासून दुकान माझ्या नावावर. पाच वर्षे मी पलटणीच्या पगार-ऑफिसात, जानेवारीत सुटून आलो. तोवर सगळे पाहिले चुलत्यांनी, म्हणजे आबांनी. सही मात्र माझी.

१२ मार्च
वह्या नाहीत.
आबांना विचारले. शांतपणे म्हणाले, "सोडल्या की माहुलीला. संगमात."
आमच्यात जुन्या वह्या रद्दीत घालत नाहीत. पहिल्या पानावर श्री, कुंकू. वाण्याने त्यात मिरच्या बांधायच्या का? बारा वर्षे झाली की कृष्णेत सोडायच्या. ठीक. पण गेल्या सालच्या?
"एकाच फडक्यात बांधल्या व्हत्या रं. नजर चुकली."
पलटणीत मी चिटोरेसुद्धा हरवू दिले नाही आणि घरात हा कारभार. जेवलो नाही. आबा मात्र दोन भाकरी खाऊन लवंडले.

१६ मार्च
आबा सगळे साल तोंडी सांगतायत, मी लिहून घेतोय. चार दिवस झाले. निदान साहेबाला काहीतरी दाखवता येईल.

१८ मार्च, सोमवार
साताऱ्याला गेलो. ऑफिसला कुलूप. धुळवड. मोटारीत शेजारचा बाबा तोंडाला राख फासून बसला होता, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. भाडे वाया, पांढरा सदरा वाया. बायको हसली. तिच्यावर विनाकारण ओरडलो.

१९ मार्च
पुन्हा सातारा. साहेब तरुण, सभ्य.
"वह्या?"
"नदीत सोडल्या."
"का?"
"आमच्याकडे पद्धत आहे."
त्याने पेन खाली ठेवून कारकुनाकडे पाहिले. कारकून सातारचाच, त्याच्या घरीही हेच होत असणार, पण लेकाचा आढ्याकडे बघत बसला. शेवटी साहेब म्हणाला, ज्यांना माल घातला त्यांच्या वहीतला तुमच्या खात्याचा उतारा आणा. आमची सगळी हळद सांगलीच्या एकाच अडत्याकडे जाते. तेवढे एक नशीब.

२३ मार्च, सांगली
अडते शेठ दोन दिवस गादीवर बसवून नुसता चहा पाजतायत. "आमच्या वह्या तुमच्या साहेबाला कशाला दाखवू?" म्हटले, वही नको, फक्त आमचे खाते उतरवून द्या. आज कुठे दिवाणजींना सांगितले. दिवाणजींना दिसते कमी, एक ओळ झाली की तपकीर. शिवाय लिहितात मोडीत. ऑफिसला हवे बालबोध देवनागरी. म्हणजे ते उतरवून काढणे पुन्हा माझ्याच गळ्यात. वैताग आलाय नुसता.

२७ मार्च
रहिमतपूर, घरी. सकाळपासून मोडीचे बालबोध करतोय. आबांच्या तोंडी हिशेबाशी ताडून पाहिले. पोती, भाव, हमालीसुद्धा जुळते. म्हातारा सत्तरीचा. खरेच कौतुक वाटले.
मग श्रावण आला. उताऱ्यात आहे: सांगलीच्या जमिनीखालच्या पेवातून साठवणीची चाळीस पोती काढून विकली, रोख आबांच्या हाती. आबांनी ही पोती सांगितलेलीच नाहीत. हमाली ध्यानात राहते आणि चाळीस पोती विसरतात?

२८ मार्च
कागद पुढे ठेवला. आबांनी तो बोट फिरवत वाचला. वाचता येते त्यांना मोडी, माझ्यापेक्षा बरे.
"ते पैसं घरात आलं न्हाईत. कुणाला दिलं ते इचारू नगंस."
"साहेब विचारणार. मी काय सांगू?"
"तुला काय सांगायचं त्ये सांग. नावं मी सांगणार न्हाई. पोरांवर अजून वारंटं हाईत."
म्हणजे रानात लपून सरकारशी भांडणारी पोरं. आणि वह्या नजरचुकीने गेल्या नव्हत्या. झडतीत सापडू नयेत म्हणून गेल्या.
पैसे दिले त्याचा राग नाही. पण पंधरा दिवस मला सातारा-सांगली पळवले, शेठच्या दारात बसवले, आणि तोंडातून शब्द नाही? हे बोललो. जरा जास्तच बोललो. आबा उठून मळ्यात गेले.

२९ मार्च, शुक्रवार
ऑफिसात मोडी कागद कुणी बघणार नाही. बालबोध माझ्या हातचे. एक ओळ गाळली तर कळणार नाही, पण खाली 'वरील मजकूर खरा व पूर्ण आहे' म्हणून सही माझी. ओळ घातली तर साहेब विचारणार, एवढी रोकड गेली कुठे? पुढे आबा आणि पोलीस.
बायकोला सांगितले. ती खालमानेने तांदूळ निवडत राहिली. म्हटले, "तुला ठाऊक होतं?"
"भाकरी मीच थापत व्हते की."
"पत्रात एका शब्दानं कळवलं नाहीस."
"आबा म्हणालं, त्यो सरकारच्या पगारात हाय, त्याला कळवू नगा."
"मी जाऊन सांगितलं असतं, असं वाटलं तुम्हाला?"
तिने सूप खाली ठेवले. "आवं, तवा कुनाला काय ठावं व्हतं," एवढेच म्हणाली.
फार लागले ते. पाच वर्षे यांच्यासाठीच पगार पाठवत होतो.
आबा अजून माझ्याशी बोललेले नाहीत. उद्या सातची मोटार आहे. श्रावणापर्यंत उतरवून झाले आहे. ती ओळ अजून लिहिलेली नाही, गाळलेलीही नाही.