टाकी खाली उतरवली

रविवार, ५ फेब्रुवारी
गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास. टाकी गळतेय, दुसरं काय! ही म्हणाली, मेकॅनिकला बोलवा. मी म्हटलं, टाकी म्हणजे शेवटी काय? दोन पट्ट्यांवर टांगलेला डबा. बोल्ट काढायचे, डबा खाली, भोक बुजवायचं, डबा वर. व्हिडिओतला माणूस शीळ घालत काढतो. शनिवारी सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला आपल्याच गाडीतून न्यायचा शब्द दिलाय. वेळ भरपूर.
संकल्प : कुणाचीही मदत घ्यायची नाही.

सोमवार, ६
बोल्ट गंजलेत. तेल सोडून ठेवलं. गंजाशी घाई करून चालत नाही. आराम केला.

बुधवार, ८
टाकी आधी रिकामी करायची असते. व्हिडिओत हे सुरुवातीलाच होतं म्हणे, मी मधूनच बघितला. त्यात काल ती काठोकाठ भरून आणलेली. शनिवारची तयारी! तोंडानं नळी ओढली. थोडं पेट्रोल पोटात गेलं. घरातले सगळे कॅन भरले, मग बादल्या. हिनं गॅस पेटवायला साफ नकार दिला. रात्री सगळ्यांनी कोरडा ब्रेड खाल्ला. सासूबाई नुसत्या चावत होत्या.

गुरुवार, ९
एक बोल्ट तुटला. डोकं हातात, धड आत. एका अर्थी बरंच, तेवढा एक काढायचा वाचला. हिला तसं म्हटलं. हिनं मेकॅनिकचा नंबर फ्रिजवर चिकटवला.

शुक्रवार, १०
रजा टाकली. टाकी उतरली. माझ्या छातीवर.
दुसरी पट्टी अचानक सुटली. वरचे पाईप अजून जोडलेलेच, त्यामुळे टाकी बाजूलाही सरकेना. ही ऑफिसात. फोन फळीवर. हाका मारल्या. सासूबाई भिंत चाचपत आल्या. त्यांना धड दिसत नाही, म्हटलं कशालाही हात लावू नका. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. विचारलं, फार दुखतंय का? म्हटलं, छे, काम चालू आहे.
मग त्याच बोलत राहिल्या. आमचे सासरे, म्हणजे त्यांचे यजमान, रेडिओ उघडायचे. उघडलेला एकही परत बंद झाला नाही. ते गेल्यावर घर एकदम नीटनेटकं झालं, म्हणाल्या. स्टूल जरा जवळ ओढलं. मग म्हणाल्या, तुमच्यात आणि ह्यांच्यात फरक एवढाच, हे कधी रेडिओखाली अडकले नाहीत.
उद्याची भीती वाटते, हेही म्हणाल्या. डोळ्याला सुई लावतात म्हणे. लेकीला सांगू नका. मी म्हटलं, अजिबात घाबरू नका, मी आहे ना. टाकीखालून म्हटलं.
ही आली. पाईप कापून मला बाहेर काढलं. पाईप कापायचे नव्हते, पण म्हटलं राहू दे.

शनिवार, ११
दोघी टॅक्सीनं गेल्या. माझ्या अंगाला पेट्रोलचा वास येतो म्हणून मला नेलं नाही. दारात सासूबाईंनी माझा हात शोधला आणि जरा जास्तच घट्ट धरला. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.
ऑपरेशन छान झालं, असा फोन आला. इकडे मीही स्वस्थ बसलो नाही. टाकी धुतली, पाणी भरून तपासली. एक थेंब गळत नाही! गळत होता तो टाकीच्या तोंडाशी असलेला, जुनी चीर पडलेला रबरी पाईप. तो मागच्या चाकाजवळून हाताला लागतो. टाकी न काढता.
तरी एक आहे. आपली टाकी उत्तम स्थितीत आहे, हे आता आपल्याला खात्रीनं ठाऊक आहे. किती जणांना ठाऊक असतं?

सोमवार, १३
टाकी वर जात नाही. काल दिवसभर, आज सकाळभर. माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत.
दुपारी हिनं मेकॅनिकला बोलावलं. मी आतल्या खोलीत, खिडकीच्या पडद्याआड. त्यानं वाकून खाली बघितलं. टॉर्च मागितला. पुन्हा बघितलं. मग विचारलं, हे कुणी केलंय?
ही म्हणाली, आधीच्या मालकानं.
गाडी आम्ही नवीकोरी घेतली होती.