सतरा क्रमांकाची दाढ

४ जानेवारी १९९६, बारामती
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवते. सव्वादहाला येथे पोहोचले. अकराला डॉक्टर मोहनरावांनी दवाखान्यातील क्ष-किरण यंत्र दाखवले. ते निर्दोष आहे. बाराला कामाची वाटणी ठरली: येथे आणि दर मंगळवारी इंदापुरात ते दाढा उपटतील, त्यांच्या फिल्म मी काढीन. मुळांतील नळ्या कोठे फुटतात आणि कोठे मिळतात, हे दोनशे दाढांवरून मला सिद्ध करायचे आहे. खोली स्वच्छ, उन्हाची. मन प्रसन्न आहे. फिल्म धुणारी अनिता फिल्मच्या कोपऱ्यातील ठिपक्यावरून डावे-उजवे अचूक ओळखते. येथील मानाने हे पुष्कळच.

९ जानेवारी, इंदापूर
आज अपूर्व नमुना लाभला. सरुबाई नावाच्या वृद्धेची खालची डावी दाढ. नळी टोकाशी विळ्यासारखी वळते आणि वळणावर तिला एक बारीक फांदी फुटते. क्रमांक सतरा घालून बाटलीत ठेवली. मात्र बाई दाढ परत मागू लागल्या. त्यांच्या घरी पडलेला दात फडक्यात जपतात आणि माणसाबरोबर सरणावर ठेवतात. मागे राहिलेली दाढ म्हणे दुसरा जबडा हुडकते. मी शास्त्र समजावले. त्या खळखळून हसल्या: "बाटलीत बसून कुनाला चावनार हाय ती, डाक्टरीणबाई? द्या की." वाद नको म्हणून दुसऱ्याच कोणाची तरी दाढ फडक्यात बांधून दिली. अशिक्षित बाईला फरक कळणे शक्य नाही.

१६ जानेवारी, इंदापूर
सरुबाई शनिवारी वारल्या. त्यांचा मुलगा हिंदुराव येऊन गेला. फडके सरणावर ठेवले, म्हणाला. पण आई ती दाढ तोंडात धरून शेवटपर्यंत म्हणत होती, "ही माझी न्हाय रं." काही अदलाबदल झाली का, असे त्याने हात जोडून विचारले. मी नाही म्हटले.

१९ जानेवारी, बारामती
माझी खालची डावी दाढ ठणकते आहे. अनिताकडून फिल्म काढवली. नळी विळ्यासारखी, वळणावर फांदी. तिने सतरा क्रमांकाची फिल्म मिसळली म्हणून सर्वांदेखत तिची कानउघाडणी केली. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, ह्यात शेजारच्या दाढा बी हायत. बाटलीतल्या दाढेला शेजार कुठनं येणार?"

२० जानेवारी
आणखी तीन फिल्म. तेच वळण. तीच फांदी. सतरा क्रमांकाची बाटली उघडली. आतल्या दाढेत चांदी भरलेली आहे. महाविद्यालयात असताना माझ्या दाढेत भरलेली तीच— आरशात पाहिले. माझ्या दाढेत चांदी नाही.

२२ जानेवारी
मोहनरावांना दाढ उपटण्यास सांगितले. त्यांनी चिमटा लावताच माझे तोंड मोठ्याने म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, आता बसली हाय ती." अनितानेही ऐकले. मी ते म्हटलेले नाही. मोहनरावांनी चिमटा ठेवला. ताप आहे म्हणाले. मी पुन्हा विनवू पाहिले— तोंड हसले. खळखळून—

२३ जानेवारी
डॉक्टर मोहनराव यांस,
आज दाढ उपटणार की नाही, हे लेखी कळवावे. तोंडी विचारू नये. तोंडाने नकार दिला तर तो माझा न्हाय— नाही. हात अजून माझा आहे. उत्तर लेखीच पायजे. हितंच, ह्याच पानावर, मी हाय तवर—