काकांच्या अंगठ्याचा ठसा

मंगळवार, संध्याकाळ. रोहा

आज पेणला मूर्तींच्या कारखान्यासाठी मी बनवलेली वेबसाइट दाखवायला गेले होते. पहिल्याच पानावर न रंगवलेल्या, कोऱ्या गणेशमूर्तीचा फोटो लावला होता. स्वच्छ दिसतं म्हणून! मूर्तींचे डोळे आखणाऱ्या दत्ताकाकांनी माझा फोन घेतला आणि पांढऱ्या रंगाने माखलेला अंगठा त्या चेहऱ्यावर दाबून धरला.

"गो पोरी, डोळं आखल्याबिगर देव कुणाला दाखवतात काय? त्याला अजून दिसत नाय."

माहेर पेणचं असून मला कसं सुचलं नाही?

फोटो तिथेच काढून टाकला. फोनच्या काचेवरचा पांढरा ठसा मात्र पुसायचा धीर होईना. आत्ता घरी येऊन त्याच फोनवर आईचा, ती जाण्याआधीचा शेवटचा फोटो उघडला. ठसा नेमका तिच्या डोळ्यांवर.