उजवा बूट आणि कोरा फुगा

दि. ९ ऑक्टोबर. या वहीत अकरा महिने एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी वहीची क्षमा मागतो. आज लिहितो आहे ते मृत्युपत्र आहे.

मी, वय सेहेचाळीस, खंदकातल्या एका साध्या शिपायाच्या चित्रकथेचा चित्रकार, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाखाली नाही. (हे तितकेसे खरे नाही. परवा पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. चित्रकथाही किरकोळ, सहा पानांचीच ठरली होती. चौदा वर्षे चालली.)

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. दोन्ही तिच्याच ताब्यात आहेत. हे कलम केवळ शिष्टाचाराचे.

२. तिरके टेबल व ब्रश मुलीला. ओला ब्रश उभा ठेवू नये. पाणी मुळाशी उतरते आणि केस झडतात. माझ्या डोक्याचे कारण वेगळे.

३. "रोज चिखल, उवा आणि पातळ सूप. लढाई कधी?" असे विचारणाऱ्या संपादकांना पान एकवीस भेट. त्यात शिपाई सहा चौकटी मोजा वाळवतो. सातव्या चौकटीत पाऊस येतो.

४. कबुली. माझ्या शिपायाचे दोन्ही बूट डाव्या पायाचे आहेत. जुन्या बाजारात नमुन्याला एकच बूट मिळाला, तो डावा. त्यावरून मी दोन्ही पाय काढत गेलो. संवादांच्या फुग्यांतली अक्षरे लिहिणारी माझी ताई तिसऱ्या अंकाला म्हणाली, "अरे गाढवा, ह्याला दोन्ही डावेच दिलेस की." मी खोडायला गेलो तर तिने हात धरला. "राहू दे. कोठारवाला सांगेल त्याला, उजवे पुढच्या हिवाळ्यात येतील."

वाचकांनी तो बूट डोक्यावर घेतला. एका जाहीर मुलाखतीत मला विचारले, हे कसे सुचले? मी म्हणालो, "सुचलं." ताई पहिल्या रांगेत होती. त्याला तीन वर्षे झाली. तेव्हापासून फुगे मीच भरतो. अक्षरे मुंग्यांसारखी दिसतात. तरी बुटांचा विनोद तिचा आहे, आणि यापुढे पुस्तकांवर माझ्या आधी तिचे नाव छापावे.

५. शेवटच्या पानावर उजवा बूट येतो. तिथला फुगा कोरा आहे. माझ्या पश्चात ते पान फुगा भरायला ताईला द्यावे.

साक्षीदार पहिले: शेजारचे पुस्तकबांधणीवाले. मजकूर न वाचता सही केली. वहीची शिवण उसवते आहे म्हणाले.

साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिपाई, स्वतः दोन हिवाळे खंदकात काढलेले. पाचव्या कलमावर थांबले.

"ताई राहतात कुठे?"

"मागच्या गल्लीत."

"मग त्यासाठी मरायची काय गरज?"

पत्नी चुलीपाशी होती. "तीन वर्षं मी वेगळं काय सांगतेय?"

कलम पाच खोडले. मगच त्यांनी सही केली.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर. माझी सही खाली आहे.

उद्याचे काम: पान घेऊन ताईकडे जाणे. आधी माफी, मग पान.