नदीवर न्यायचा स्वेटर

मुकुंदा,

मी लवकर शाळेत निघाले. आज पहिला तास माझा नाही, पण तू होडीच्या सरावाला निघताना घरात थांबणं मला जमणार नाही. पोहे झाकून ठेवलेत, खाऊन जा.

खुर्चीवर तुझ्या दादाचा लोकरी स्वेटर काढून ठेवलाय. डांबराच्या गोळ्यांचा वास येईल, तरी घाल. सुती सदरा तापीत भिजला की अंगाला चिकटतो आणि वाऱ्यावर सगळी ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. हे मला दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, दादाची होडी उलटली त्याच्या चौथ्या दिवशी. तोवर न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत उतरला होता.

त्या सकाळी तो हाच स्वेटर घालून निघाला होता. नवी लोकर नदीत कशाला खराब करतोस, म्हणून मीच दारात काढायला लावला. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

कोरडे कपडे पिशवीत आहेत. पाण्याबाहेर आलास की आधी बदल, मग गप्पा मार.

स्वेटर आटला, उसवला तरी चालेल. दुपारी मी येईन तेव्हा तो दोरीवर वाळत दिसू दे. घडी घालून ठेवलेला मला आता बघवत नाही.

आई