फोनमधल्या बाईविषयी आक्कास खुलासा

॥ श्री कुलस्वामी खंडेराय प्रसन्न ॥

पिंपरी पेंढार,
कार्तिक शुद्ध षष्ठी

तीर्थरूप सौ. साळुबाई आक्का हिच्या पायांशी धाकटी ठकू वाकून नमस्कार करते. दाजींनाही नमस्कार सांगावा. आमच्याकडे देवाच्या कृपेने सर्वजण खाऊनपिऊन बरे आहोत, माझा उजवा गुडघा तेवढा बरा नाही. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं ऐकलं. थेंब वेळेवर घालावेत, चुलीच्या धुरापुढे बसू नये, आणि डॉक्टरांनी वाचू नको म्हटलंय तर वाचू नये. म्हणजे हे पत्र तुला वृषालीच वाचून दाखवणार, हे मी धरून चालले आहे. (वृषाली, अनेक आशीर्वाद. शौर्यचा खोकला गेला का? सावकाश वाच, आणि कंसातलंसुद्धा वाच.) सून वाचणार म्हटल्यावर काही गोष्टी मोघम लिहाव्या लागतील. आक्का, जिथे मी मोघम लिहीन तिथे तू समजून घे, वृषालीला "म्हंजी काय गं?" असं विचारू नकोस.

आता घरात फोन असताना ठकूने पाकिटाला तिकीट का चिकटवलं, असं दाजी विचारतील. त्यांना सांग की मी पंचवीस दिवसांत तुला रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा फोन लावला आणि तू एकदाही उचलला नाहीस. वृषालीच्या फोनवर लावला की ती बिचारी म्हणते, "मावशी, त्या देवापशी बसल्यात." आक्का, मी स्वतः देवधर्म करणारी बाई आहे, देवापाशी किती वेळ बसता येतं याचा मला अंदाज आहे. तू रागावली आहेस. त्या रागाचं कारण माझा नवा फोन आहे आणि त्याची हकीकत पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुझा राग जाणार नाही, म्हणून हा कागद.

जुना फोन सहा वर्षं चालला. शेवटी शेवटी त्याची पाठ फुगून झाकण उघडं राहू लागलं, तर मी त्याला वेणीचं रबर लावून आणखी पाच महिने काढले. हे म्हणाले, "अगं, बॉम्ब घेऊन फिरतीस का काय?" मग दसऱ्याच्या तोंडावर बेल्ह्याच्या बाजारच्या दिवशी आम्ही दोघं बुद्धभूषणच्या दुकानात गेलो. (जयवंत गुरुजींचा थोरला. गुरुजींनी मला सातवीला गणित शिकवलं. मुलगा बापासारखाच, विचारलेल्याचं उत्तर देतो आणि न विचारलेलं विकत नाही.) नवा फोन घेतला. जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं म्हणजे दोन फोन शेजारी शेजारी ठेवून दीड तास बसावं लागतं. त्यात नंबर उतरले ते दुप्पट झाले, आता माझ्या फोनात चार आक्का आहेत आणि चारही उचलत नाहीत. पुढे फोन म्हणाला अंगठा लावा. मी मॅट्रिक झाले ती कुठे अंगठा लावावा लागू नये म्हणून, तरी लावला, तर तो म्हणाला की अंगठा समजला नाही. कांदे निवडून आणि भांडी घासून बोटावरच्या रेघा गेल्या आहेत. शेवटी ह्यांचा अंगठा लावला. म्हणजे नावाने फोन माझा आणि उघडायचा तर ह्यांना हाक मारायची. मग करंगळी लावून पाहिली, ती मात्र त्याने मान्य केली.

तेवढ्यात बुद्धभूषण म्हणाला, "मावशी, ह्या चारशे बारा फायली कसल्या हायेत? समद्यांवर आक्का लिहिलंय." आणि बघावं म्हणून त्याने एकीवर बोट ठेवलं. आक्का, तुझा आवाज आईवर गेला आहे, जात्याच्या घरघरीतूनही तो शेजारच्या वाड्यात पोचायचा. दुकानात बैल विकायला आलेली चार माणसं उभी होती. तू नेमकी कशाविषयी बोलत होतीस ते मी इथे लिहीत नाही. हवापाण्याविषयी होतं असं समज. त्यातला एक म्हातारा एवढंच म्हणाला, "बाई खरं बोलतीया." बुद्धभूषणने फायल लगेच बंद केली आणि माझ्याकडे न बघता त्या सगळ्या नव्या फोनात टाकल्या.

या फायली कशा झाल्या ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या प्राचीने माझ्या फोनात अशी सोय करून दिली होती की आलेलं-गेलेलं बोलणं आपोआप टिपलं जावं. त्यात वाईट हेतू नव्हता. मी हिशेब ठेवणारी बाई, माझा कानावर विश्वास नाही. तू फोनवर बोलता बोलता मध्येच आईची एखादी ओवी म्हणतेस, आणि मी लिहून घेते म्हटलं की तुझा घसा बसतो, ओवी अर्ध्यात सोडून तू बटाट्याच्या बेण्यावर येतेस. हे मी वीस वर्षं बघते आहे. म्हणून मी नंतर निवांत ऐकायची आणि वहीत उतरवायची. अशा एकसष्ट ओव्या तारीखवार झाल्या आहेत. हळदीच्या मात्र चारच. मार्गशीर्षात प्राचीचं, तुझ्या भाचीचं, लग्न आहे, जात्याचा दगड टाकी लावून खरबरीत करून आणलाय, आणि हळद दळताना आईने म्हटलेल्या ओव्या या जगात आता फक्त तुझ्या तोंडात आहेत. मला त्या येत नाहीत. मी अभ्यासाला बसायचे तेव्हा तू जात्यावर बसायचीस, म्हणून मी मॅट्रिक झाले आणि तुला ओव्या आल्या. हे मी विसरलेले नाही.

तर दसऱ्याला नव्या फोनची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी, एकादशीला, पहिला फोन तुला केला. तू हळदीचंच बोलत होतीस. एक ओवी सुरू केलीस. नव्या फोनात टिपायचं बटण आपण दाबावं लागतं, ते मी दाबलं. तर फोनच्या आतून एक बाई मोठ्याने इंग्रजीत बोलली. ती तुलाही ऐकू गेली. तू विचारलंस, "ठके, कोन गं ती बाई?" मी म्हटलं, फोनमधली. तू म्हणालीस, "काय म्हनती?" आता एकादशीला मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे, इतर दिवशी बोलते असं नाही पण एकादशीला तर मुळीच नाही. मी सांगितलं की ती म्हणते बोलणं टिपून घेतलं जातंय. मग हळूच म्हणालीस, "आदीचंबी टिपलंय व्हय?" मी म्हटलं, हो. "किती दिवसाचं?" मी म्हटलं, तीन वर्षांचं. तू तिथेच फोन ठेवलास, तेव्हा ती बाई आणखी एकदा बोलली.

तुला काय भीती वाटली असेल ते मला समजतं. चारशे बारा वेळा तू हवापाण्याविषयी बोलली आहेस, आणि हवापाणी तुझ्याच घरात राहतं.

दुसऱ्या दिवशी फोन चार्जच होईना. मी घाबरले, म्हटलं आक्काचे शिव्याशाप लागले. बुद्धभूषणकडे नेला. त्याने भिंग लावून पाहिलं आणि चार्जिंगच्या भोकातून दातकोरणीने हळदकुंकू काढलं. बरंच निघालं. म्हणाला, "दसऱ्यानंतर आठदहा जण येत्यातच मावशी, कुनी अक्षदाबी घालतं." त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. मी मग त्याला त्या बाईविषयी विचारलं की हिला गप्प बसवता येईल का. तो म्हणाला, येईल, पण फोन रूट करावा लागेल. मी म्हटलं, ते काय असतं ते मला घरातल्या भाषेत सांग. त्याने सांगितलं ते मी समजले ते असं: फोन आपण विकत घेतो तरी त्याच्या कोठीची किल्ली कंपनीच्या कमरेला असते. आपण स्वयंपाक करायचा, पण कोठीत हात घालायचा नाही. रूट केलं की ती किल्ली आपल्या कमरेला येते. मग त्या बाईला घराबाहेर काढा नाहीतर ठेवून घ्या.

मला हे फार पटलं. माझ्या सासूबाईंनी कोठीची किल्ली मला एकोणीस वर्षांनी दिली, तेव्हा कोठीत दोन रिकामे डबे होते. मी म्हटलं, कर. पण तो गुरुजींचा मुलगा. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि बोटं मोजत सांगितलं की एक तर किल्ली घेण्याआधी फोन आतून पुसून कोरा होतो. दुसरं म्हणजे कंपनी वर्षभराची हमी मोडते. आणि तिसरं, ज्या घरात किल्ली सुनेकडे आहे त्या घरात बँक पाऊल ठेवत नाही, बँकेचं ॲप उघडणार नाही म्हणून दूधवाल्याचे पैसेही फोनवरून जाणार नाहीत. मी म्हटलं, अशी बँक कोणती? तो म्हणाला, बऱ्याचशा अशाच. मग म्हणाला, "आन मावशी, नुसतं टिपायचंच आसंल तर एवढं कशापाई करता? फोन मोठ्या आवाजावर लावा आन जुना फोन शेजारी ठिवा. बाई बोलनार न्हाई, पुढच्याला कळनारबी न्हाई."

मी त्याच्या दुकानात राहिलेला जुना फोन पिशवीत घेऊन घरी आले. हे ओट्यावर होते. सगळं ऐकून म्हणाले, "तुला बहीण पायजे का पुरावा?" (त्यांना लग्नाला येणाऱ्या माणसांपेक्षा मांडवाच्या बांबूंची जास्त काळजी आहे, पण कधी कधी बोलतात बरोबर.)

मग आईच्या रीतीने देवाला विचारायचं ठरवलं. आंघोळ करून गव्हाची चिमूट देवापुढे ठेवली. दाण्यांची जोडी लागली तर होकार, एकटा उरला तर नकार. पहिल्या खेपेला एक उरला. पण तो किडका होता, आणि किडका दाणा धरायचा का याविषयी आईने काही सांगून ठेवलेलं नाही. दुसऱ्या खेपेला निवडलेले गहू घेतले, जोडी लागली. पण मग मनात आलं की आपण देवाला विचारलं काय? मी विचारलं होतं, "देवा, फोन उघडू का?" देवाला फोनचं काय. खरा प्रश्न निराळा होता. तेव्हा तिसऱ्या खेपेला म्हटलं की सगळं स्पष्ट विचारावं. हात जोडले आणि मोठ्याने म्हणायला लागले, "देवा, आक्काला कळू न देता तिचं बोलणं…" यापुढे तोंडातून शब्द येईना. गव्हाची चिमूट तशीच हातात राहिली. जे देवापुढे पुरतं बोलता येत नाही त्याला दाणे कशाला मोजायचे, म्हणून ते गहू पाखरांना टाकले.

तर आक्का, फोन रूट केलेला नाही. किल्ली कंपनीच्या कमरेला असू दे. टिपायचं बटण मी आता दाबणार नाही. म्हातारपणी बोट चुकून लागलंच तर ती बाई बोलेल आणि तुला कळेल, हे बरंच आहे. इतके दिवस मी तिला चहाडखोर समजत होते. सगळ्यांत तीच एक सरळ वागली, तिने तुला तोंडावर सांगितलं. मी तीन वर्षं सांगितलं नाही. यात माझी चूक आहे आणि ती मी हिशेबाच्या वहीत नाही, या कागदावर लिहून सही करून देते.

तू हळदीला यावंस. तू नाही आलीस तर जातं फिरेल, हळद दळली जाईल, पण मुकी दळली जाईल. लहानथोरांस यथायोग्य.

तुझी धाकटी,
ठकू

ता. क. जुना फोन रबरासकट तुझ्या हातात देईन. चारशे बारा फायली कशा पुसायच्या ते मी शिकून घेतलंय. तूच पूस. नव्यातल्या मी पुसल्या आहेत.

ता. क. दुसरा. वृषाली, हा मजकूर फक्त तुझ्यासाठी आहे, मनात वाच. तू शहाणी आहेस, हवापाणी म्हणजे कोण हे तू मघाशीच ओळखलं असशील. पुसण्याआधी मी सगळं एकदा ऐकलं. तुझ्या भाकरीची जाडी, तुझा चहा, तुझं दार लोटणं, यात नवीन काही नाही, तुझ्या तोंडावर बोलते तेच ती मलाही सांगते. पण शौर्यच्या बाळंतपणाला तू महिनाभर माहेरी होतीस ना, तेव्हा तिने मला रोज फोन केला. एके दिवशी म्हणाली, "ठके, घरात कुनी उलटं बोलाया न्हाई, जेवान गोड लागत न्हाई." ती फायल तुला पाठवणार होते, पण मग मी सुधारले काय? म्हणून पुसली आणि आठवणीने लिहिलं. ती आपण होऊन येणार नाही, मान आड येईल. तू घेऊन ये. माझा गुडघा वळत नाही, तेव्हा जात्याला तिच्यासमोर तूच बस. खुंट्यावर दोघींचे हात असले की ती गाते, आणि गाता गाता तुझ्या हाताला वेग नाही असं म्हणेल, ते चालू दे. ओव्या कानात ठेव. मला पुढे तुझ्याकडूनच घ्यायच्या आहेत.

ता. क. तिसरा. वृषाली, आता पुन्हा मोठ्याने वाच. आक्का, वरचे काही शब्द मी वृषालीला लिहिलेत आणि ते तुला वाचून दाखवू नकोस असं मीच तिला सांगितलंय. त्यावरून तिला बोलू नकोस. बोलावंसं वाटलंच तर मला फोन करून बोल. दुपारी चारनंतर मी रिकामी असते.